कलम नऊ

जळगावात घर मिळालं पाचव्या फेरीत,
अकरा महिन्यांसाठी.
आधीच्या चार घरांत आडनावापर्यंतच पोचले.
पाडवी म्हटलं की लोक वर पंख्याकडे बघतात,
मग आठवतं त्यांना, पुढच्या महिन्यात पुतण्या येणार आहे.
एकाच महिन्यात चार पुतणे येणार होते या शहरात.

गोजराबाई सैंदाणेंनी विचारलं, रात्रपाळी का?
म्हटलं, एक्स-रे काढते. हाडं रात्रीही मोडतात.
त्यांनी चहा टाकला.
कपबशी वेगळी आहे का, हे मी पाहिलं,
आणि मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं.

डिपॉझिट वीस हजार. भाडं साडेसहा, पाच तारखेच्या आत.
पाणी तिसऱ्या दिवशी. गच्ची मालकिणीची.
कलम नऊ: भाडेकरूने भिंतीत खिळा ठोकू नये.
एजंट खिळा म्हणाला.
बाई म्हणाल्या, खिया. एकबी खिया नही.
मी सही केली.

खरं तर खिळ्याची मला सवयच नाही.
तळोद्याच्या पलीकडे आमची भिंत कुडाची,
शेणामातीने लिंपलेली. खिळा धरत नाही तिच्यात.
तिथे सगळं खोचायचं.
विळा, कंगवा, विजेचं बिल, बापाची पावी,
प्लास्टिकच्या पिशवीत माझं डिप्लोम्याचं सर्टिफिकेट.
अंधारातही हात बरोबर जायचा.
इथे पहिल्याच महिन्यात तीनदा
कंगवा घेऊन हात भिंतीकडे गेला
आणि घसरून खाली आला.
ऑइलपेंट. बदामी.

दिवसा झोपायचं, चारला उठायचं.
त्या वेळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं येतं
आणि भिंत आतलं दाखवते, फिल्मसारखी.
पुट्टीने बुजवलेली भोकं. मोजली, अकरा.
हे घड्याळाचं असणार.
हे खालचं, दप्तराचं, मूल दुसरीतिसरीतलं.
आणि दारासमोर दोन, हातभर अंतरावर:
काहीतरी जड होतं इथे, एका खिळ्याला न पेलणारं.
म्हणजे कलम नऊ नंतर आलं.

आखाजीच्या आधल्या आठवड्यात
शेहेचाळीस डिग्रीत गच्चीवर बिबड्या उलटताना
बाई पडल्या.
दुपारी कुणाला सांगितलं नाही.
रात्री पावणेदोनला स्ट्रेचर आलं ते माझ्याच टेबलापाशी.
हलू नका, म्हटलं.
एवढं एकच वाक्य मी रोज मालकासारखं बोलते.

पडद्यावर डावी मांडी.
नवीन काही मोडलं नव्हतं.
जुना एक रॉड मात्र होता, त्याला आडवे चार स्क्रू,
बाकी सगळ्या बाईपेक्षा उजळ.

आत खिळे आहेत, बाई.
माले म्हाईत शे, माय. बारा वरीस झायात.
आते ते निंघतस नही. हाडनी धरी लिधात.

बारा वर्षांपूर्वी कशावर चढल्या होत्या,
हे विचारायला आमच्या फॉर्मात रकाना नाही.
मी दारासमोरची ती दोन भोकं आठवत
त्यांचं पातळ नीट केलं.

पुढे काही फार बदललं नाही.
डबाभर बिबड्या आल्या, कोपरे जरा करपलेल्या.
टाकीचं पाणी जूनपर्यंत चटके देत राहिलं.
मीटरच्या पेटीमागे बोटभर फट सापडली मला,
कंगवा आता तिथे असतो.

नव्या करारात भाडं सात हजार.
मी सहा सातशे म्हटलं, त्या ऐकल्या नाहीत.
एजंट वाचत गेला, भराभर,
आणि नवव्या कलमाशी म्हणाला, खिळा.
खिया, मी म्हटलं.
बाईंनी काठी भिंतीला टेकवली,
पेनाचं टोपण दातांनी काढलं
आणि सही केली.