शेजारी ठेवू की पुसू

घरातला कॉम्प्युटर दहा वर्षांचा.
एका रात्री पडद्यावर पाटी आली :
यापुढे नवं काही मिळणार नाही,
हे यंत्र पात्र नाही.

पात्र नाही म्हणजे काय?
पापलेट आहे का, वजनात बसायला?
बर्फाचा, डिझेलचा, चार होड्यांच्या वाट्यांचा हिशोब
रोज तोच मांडतो.
पंखा घोरतो, हे खरं.
तांडेलही घोरतो.

जामसंड्यात नवा बेचाळीस हजारांना.
विचार करते म्हटलं, आणि थेट इम्तियाजकडे.
तो ट्रॉलरांचे वायरलेस दुरुस्त करतो,
खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली सर्किटं त्याच्या टेबलावर
सुक्या बांगड्यांसारखी पडलेली असतात.
मागचं झाकण काढून त्याने फुंकर मारली.
"म्हातारो झालो नाय गे ह्यो.
त्येका म्हातारो म्हणतत."

मग नावं सांगितली. एक आफ्रिकेतलं,
एक पुदिन्याचं, एक मला उच्चारता आलं नाही.
मी विचारलं, नवशिक्याला सोपं कुठलं?
"चूक झाली तरी होडी बुडाची नाय, तां सोपा.
आधी चाखून बग."

पेनड्राइव्ह नखाएवढा.
डिस्कला हात न लावता
त्याच खोक्यात दुसरंच कोणी जागं झालं.
नांगर खालीच,
नुसतं शीड उभारून बघावं तसं.

तीन संध्याकाळी तारामुंबरीत हेच.
आफ्रिकेतलं देखणं, पण आमच्या चार जीबीत
चढणीवर थांबत थांबत चालणारं.
न उच्चारता येणारं इतकं हलकं
की घड्याळसुद्धा आपणच टांगायचं.
पुदिन्यात मेनू खाली डाव्या कोपऱ्यात,
जिथे हात आपला आपण जातो,
वीज गेल्यावर मिठाच्या बरणीकडे जातो तसा.
प्रिंटरने काही न विचारता कागद ओढला.
मी 'मत्स्यव्यवसाय' लिहून पाहिलं :
जोडाक्षरं शाबूत.

जुन्या फॉन्टातल्या पावत्यांचे मात्र
शंख-शिंपले झाले.
आणि उधारीचं जुनं सॉफ्टवेअर
उघडलंच नाही.

चौथ्या दिवशी प्रश्न आला,
अर्धा मराठीत, अर्धा इंग्रजीत :
जुन्याच्या शेजारी राहू, की सगळं पुसू?

मी माउसवरून हात काढला.

आमच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं.
नऊ मुंबईत, चार स्मशानात,
एक कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही.
माडांच्या एका रांगेपायी
दीर पाच वर्षं बोलत नाहीत.
आणि इथे एक पट्टी, मध्ये एक रेघ,
ओढली की सरकते.
मोजणीदार नाही, खुंट्या नाहीत,
देवळात नारळावर हात नाही.

जुन्याला थोडी जास्त जागा दिली.
थोरला म्हणून नव्हे.
मोतीराम कोयंड्यांची दोन मोसमांची उधारी
त्याच्याच पोटात आहे.

आता सुरू करताना काळ्या पडद्यावर
दोन्ही नावं येतात, एकाखाली एक,
दहा सेकंद वाट बघतात.
मी काही बोलले नाही
तर वरचं निघतं.

परवा दीर आले. डिझेलच्या परवान्याचा अर्ज छापायचा होता,
बाजारातलं दुकान बंद.
उभ्यानेच पडद्याकडे बघत राहिले.
"ही दोन नावां कसली?"
सांगितलं.
"भांडनत नाय?"
नाय.
"रेघ मागाहून सरकता?"
सरकता, म्हटलं, पण आधी
सगळ्याची एकेक प्रत बाजूला काढून ठेवूक व्हयी.

ते कागद घेऊन गेले.
दोन पानांचे चार रुपये द्यायचे विसरले,
किंवा विसरले नाहीत.