साध्या कागदावर

मी, हेमलता दगू गांगुर्डे, वय एक्केचाळीस,
धंदा टायपिंग, राहणार सातपूर,
रोज दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं बडवते, कोर्टाच्या भिंतीला लागून.
नाव बदललं, शिधापत्रिका हरवली, बांध सरकला,
सगळ्यांचं खरं माझ्या बोटांतून जातं.
आज अजून टेबलाशी कोणी आलं नाही.
स्वतःचं लिहून देते.

की, सकाळी सव्वाआठला मी थांब्यावर होते.
थांब्यावर म्हणजे थांब्याच्या शेजारी,
कारण थांब्याला पायरी आहे
आणि पायरीपुढे रिक्षा उभ्या.
की, पहिली बस थांबलीच नाही.
दुसरी थांबली रस्त्याच्या मधोमध,
माणसं पळत जाऊन चढली, पळता येणारी.
तिसरीच्या ड्रायव्हरने मला पाहिलं.
मी त्याला बघतेय, हेही पाहिलं.
मग त्याला हिरवा सिग्नल दिसला.

"ताई, रिक्षा करा की," एक जण म्हणाला, चांगल्या मनाने.
रिक्षाचे दीडशे. बसचे पंधरा.
शिवाय रिक्षात मी मावते, खुर्ची मावत नाही,
आणि खुर्चीशिवाय कोर्टासमोर उतरून
काय पोत्यासारखी बसू फूटपाथवर?
मागे एकदा बसले होते.
कोणीतरी समोर दोनाचं नाणं ठेवलं.
मी ते घेतलं.
दोनात चहा येत नाही, हेही नमूद करते.

की, चौथी आली.
कंडक्टर खाली उतरला, छातीवर नाव: वाघचौरे.
"रॅम्प आहे ना?"
"आहे. पण कधी उघडला नाही, बघू."
रॅम्पवर एका मावशींची मेथीची गोणी,
ती सरकवली. ओढायचा आकडा गायब.
त्याने तिकीट मशीनचा पट्टा कडीत अडकवला,
गुडघा टेकला, एक शिवी अर्धी गिळली,
आणि ओढला.
पत्रा किंचाळला. धूळ, वाळकं निंबाचं पान,
कोणाचं तरी पाच रुपयांचं तिकीट.
आत लोक घड्याळं बघत होते.
दोघे न विचारता धावले,
एकाने नेमकं चाकच धरलं.
"हँडल, दादा. मागचं हँडल."
आणि मला चढवलं.

आत खांबाला खेटून ब्रेक लावला.
एबीबी सर्कलला एवढी गर्दी शिरली
की माझ्या डोक्यावर छत उरलं नाही, नुसती कोपरं.
माझ्या उंचीवरून शहर असं दिसतं:
बेल्टची बकलं, डब्यांच्या पिशव्या,
कंपनीतल्या पोराच्या नखांतलं ग्रीस.
मग वरून कुठूनतरी आवाज,
"काकू, धरता का जरा?"
आणि मी हो म्हणेपर्यंत मांडीवर दप्तर.
जड, गळक्या बाटलीचं.
त्यावर मावशींच्या दोन जुड्या, "माझ्याबी ठेव गं, गोणीत चुरतील."
त्यावर कोणाचं हेल्मेट.

बसचा एक कायदा आहे, कुठे छापलेला नाही.
ज्याला बसायला मिळालं
त्याने उभ्यांचं सामान धरायचं.
मी बसलेली होते. एवढंच.
या मांडीवर लोकांनी प्रसाद ठेवलाय,
चिल्लर, वापरून झालेले स्वेटर,
देवीचे फोटो, एका लग्नात तर खरकटं ताट.
धरता का, असं विचारून
कोणी काही ठेवलं नव्हतं.

मायको सर्कलला पोरगी दप्तर ओढून उतरून गेली.
थँक्यू म्हणाली नाही.
मला ते फार आवडलं.

सीबीएसला पत्रा कमी ओरडला.
वाघचौरेच्या पँटीला गुडघ्यावर गोल काळा डाग.
"उद्या कितीची धरता, ताई?"
"जी थांबेल ती."
तो हसला नाही. डायरीत काहीतरी लिहिलं,
बहुतेक तिकिटांचा हिशोब असेल.

आता दहा वाजलेत, ओढणीला मेथीचा वास,
मांडी बाटलीच्या पाण्याने ओली,
असं मला सांगतात ते बघून कळतं, जाणवत नाही.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.
स्टॅम्प नाही. साक्षीदार आपापल्या थांब्यावर उतरून गेले.
फक्त वर एके ठिकाणी 'मला चढवलं' असं आहे,
ते खोडून 'मी चढले' वाचावं.
खाडाखोड माझी.