उसवण

अकरा.
अकराच मार्क कमी पडले या खेपेला.
मागल्या खेपेला चौसष्ट होते, म्हणजे प्रगती आहे,
असं राजारामपुरीतल्या क्लासचे सर म्हणाले
आणि फीचा नवा कागद पुढं सरकवला.

समरीनला मिरज मिळालं.
तिनं पांढऱ्या ॲप्रनमधला फोटो पाठवला.
मी अंगठा दाखवला,
मग फोन तांदळाच्या डब्यात पुरला,
जणू तो भिजला होता.

आत्या म्हणाली, नर्सिंगला टाका की पोरीला.
शेजारचे काका काहीच म्हणाले नाहीत,
ते जास्त लागलं.
अण्णा खाली मान घालून वादी ओवत राहिले.

त्याच आठवड्यात अण्णांच्या अंगठ्यात रापी घुसली.
आज्याची रापी, चाळीस वर्षांत चुकली नव्हती.
रिक्षातून सीपीआरला निघालो,
माझी ओढणी त्यांच्या हाताभोवती,
आणि मी मनात रक्त गोठवणारे घटक मोजत होते:
तेरापर्यंत जातात, सहावा नसतो.
हा प्रश्न पेपरात आलाच नाही.

कॅज्युअल्टीत एक इंटर्न होती,
माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी,
डोळ्यांखाली काळं, केसांत पेन खोचलेलं.
सुई धरताना तिचा हात किंचित हलला.
अण्णांनी ते बघितलं.
सुयांचं त्यांना कळतं.
"ताई, आमची सुई सरळ, तुमची वाकडी.
पण टाका लई आवळू नका.
ओलं कातडं वाळलं की ओढ बसती."
ती थांबली. हसली नाही.
टाका कापून काढला,
परत घातला, सैल.
"आता?"
"आता झ्याक."

दसरा चौकात रिक्षा अडकली.
"उसवला बघ तिनं," अण्णा म्हणाले.
सुभाषनगर येईपर्यंत
पुढं एक शब्द नाही.

घरी एक जोड अर्धा पडलेला,
गिऱ्हाईक साताऱ्याचं, शनिवारी येणार.
अण्णांचा अंगठा पट्टीत, वांग्याएवढा.
मी आरी घेतली.
पहिली ओळ वाकडी गेली.
काढली. दुसरीही.
कातड्यावर जुनी भोकं दिसायला लागली,
मी बोटानं झाकून बघितली.
अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे.
तेल लावलं की मिटतील थोडी."
मग जरा थांबून,
"सगळी न्हाईत."

फीचा कागद अजून कोराच आहे,
वाऱ्यानं उडू नये म्हणून
आरीच्या डब्याखाली ठेवलाय.

रात्री तांदळातनं फोन काढला,
दोन दाणे काचेला चिकटलेले.
समरीनला विचारलं,
तुम्हाला टाके घालायला शिकवलं का गं?
"कुठलं! अजून हाडंच पाठ करतोय."
मी लिहिलं,
माझे एकोणीस झाले.