नंबर तोच

नऊ वाजून गेल्यावर मुजावरचाचांचा फोन:
ताई, पावत्यांचा प्रोग्राम उघडतोय नि मिटतोय.
काल सांजच्यापातूर बरा हुता.
रातच्याला म्हणाला, अपडेट चाललंय, बंद करू नका.
म्या न्हाई केला बंद. मग माझं काय चुकलं?

सांगलीतून निघाले. स्कूटीच्या डिकीत
दोन पेनड्राइव्ह, एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, न खाल्लेला डबा.
कवठे एकंदच्या अलीकडे एक मुंगूस आडवं गेलं.
शुभ असतं म्हणे. बिघडलेल्या मशीनकडे जाताना
मी सगळंच मानते.

तासगावात कोल्ड स्टोरेजचं ऑफिस.
भिंतीपलीकडे चार अंशांवर झोपलेला बेदाणा, पेट्यांवर पेट्या,
अलीकडे चाचा कानटोपीत,
आणि सीपीयूच्या कपाळावर खंडेनवमीचं वाळलेलं कुंकू.
कधीकाळचं सेव्हन, कुणीतरी फुकटात टेन करून दिलेलं.
तेही आता म्हातारं.

आयकॉनवर दोनदा टिचकी.
पांढरी चौकट येते, पापणी लवेपर्यंत थांबते, जाते.
उद्या सकाळी सौदे.

रीस्टार्ट केला, कारण सगळे आधी तेच करतात.
सेफ मोडमध्येही मेला.
अपडेट काढायला गेले तर पस्तीस टक्क्यांवर
मशीनने आपलंच म्हणणं मागे घेतलं.
रीस्टोर पॉइंट एकही नाही;
जागा खातो म्हणून कुण्या शहाण्याने बंद केलेला.
(मीच असेन. दोन वर्षांपूर्वी. बोलले नाही.)

मग इव्हेंट व्ह्यूअर. लाल फुल्यांची रांग
आणि प्रत्येक फुलीखाली एकाच फाइलीचं नाव.
फाइल आहे. जागेवर आहे. तारीख मात्र कोरी करकरीत.

चाचांना सांगायला लागले: बघा,
उपळावीकरांनी हा प्रोग्राम लिहिला तेव्हा
या नावाची फाइल त्याच्या हाताखाली होती.
हा हाक मारतो, ती ओ देते,
मग हा काहीतरी जुन्यातलं विचारतो
आणि तिला ते माहीतच नसतं

चाचांनी कानटोपी वर सरकवली.
म्हंजी नंबर तोच, माणूस दुसरा.
गेल्या दिवाळीत म्या उपळावीकरसायबांना लावला,
बेरीज चुकत हुती म्हणून.
एका पोरीनं उचलला. कोण पायजे, म्हणाली.
तवर मला ठावंच नव्हतं.
नंबर दुसऱ्याला देत्यात, न्हवं?

देतात, म्हटलं.
कॉम्प्रेसर घरघरला, थांबला.

खालच्या खणात, कार्बन पेपरांच्या तळाशी
सीडी सापडली. स्केचपेनने लिहिलेलं:
सेटअप. टाकू नये. र. उ.
ट्रे उघडेना. चाचांनी पावत्यांची टाचणी काढून दिली,
बारीक भोकात टोचली, तशी जीभ बाहेर.

जुनी फाइल तिच्यात होती. दोनशे अठरा केबी,
हल्लीच्या फोटोएवढीही नाही.
नवीला हात लावला नाही;
तिच्यावर बाकीची कामं चालतात, तिचं काही चुकलेलं नाही.
जुनी नेऊन प्रोग्रामच्याच फोल्डरात ठेवली, त्याच्या शेजारी.
हाक मारली की आता आधी तीच ओ देईल.

टिचकी. टिचकी.
चौकट आली.
थांबली.
मग निळ्या अक्षरांत: लॉट नंबर टाका.

सावळजच्या कुणाच्या एकशे बारा पेट्या, हिरवा माल.
चाचा मोठ्याने वाचत सुटले, दुसरा लॉट, तिसरा,
मी शेजारीच होते,
तरी भिंतीपलीकडे ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

निघताना सीडीवर, र. उ.च्या खाली,
माझा नंबर लिहायला घेतला.
पुढचं अपडेट येईल तेव्हा लागेल, म्हटलं.
नवव्या आकड्याला स्केचपेन सुकला.
चाचांनी तो तोंडाजवळ नेऊन वाफ दिली,
परत माझ्या हातात ठेवला.
ठळक काढा, म्हणाले. पुसायला नगं.