शुक्रवारची भट्टी

तुम्ही विचारलंत, आमची पाळी कधी.
बसा. कणीक फुगायला अजून वेळ आहे,
आणि क्रेहेनबाखमध्ये सरळ उत्तर
पहिल्या भेटीत कुणी देत नाही.

हा डबा. बिस्किटांचा होता, झाकण दुसऱ्याच डब्याचं.
आत बिल्ले, बीचच्या लाकडाचे,
बोटं लागून लागून गुळगुळीत झालेले.
दर गुरुवारी, संध्याकाळची घंटा झाली की
मी डोळे मिटून एकेक काढते.
पहिला निघेल त्यानं पहाटे उठून सरपण रचायचं, धूर खायचा.
शेवटच्याला उरलेली आच,
नासपतीच्या फोडी सुकवण्यापुरती.

बिल्ल्यावर आडनाव नसतं, घराचं नाव असतं.
कागदोपत्री मी लिओबा फान्कूख,
पण ते पोस्टमनपुरतं.
गावाला मी सुताराची.
आमच्या घरात शेवटचा रंधा चालला
त्याला दीडशे वर्षं झाली. माझा नवरा बस चालवायचा,
मेला तो सुतार म्हणूनच.
लोहाराकडे आता दातांचा डॉक्टर राहतो,
मेंढपाळाकडे साधं कुत्रं नाही.
माणसं येतात, जातात. नाव भिंतीत मुरतं.

शेहेचाळीस साली सिलेशियातून आले ते,
शाळेच्या माडीवर एका खोलीत नऊ जणं.
हातगाडीवर भांडी नव्हती, गादी नव्हती,
लोकरीत गुंडाळलेलं विरजणाचं मडकं होतं
आणि ते जिवंत होतं.
आम्ही त्यांना ‘वरचे’ म्हणायचो.
अकरा वर्षं वरच्यांनी उरलेल्या आचेवर पाव भाजले,
मधोमध कच्चे.
मग गिरणीवाल्यांचा हेनर वरच्यांच्या ओटिलिएवर भाळला,
आणि एका गुरुवारी डब्यात एक बिल्ला जास्त निघाला.
सभा नाही, ठराव नाही.
आज निम्मं गाव त्याच विरजणावर पाव करतं
आणि त्याला ‘आपलं जुनं’ म्हणतं.

शुक्रवारच का, असं कुणालाही विचारा,
सांगतील, पहिल्यापासून.
पहिल्यापासून नाही. आधी शनिवार होता.
मेंडेलांना शनिवारी विस्तव चालत नसे.
गुरांचे व्यापारी; गाय अडली की
मध्यरात्री गाव त्यांचंच दार वाजवायचं.
त्यांच्यासाठी माझ्या पणजोबांनी वार बदलला.
कारण गेलं. वार राहिला.

गेलं म्हणजे,
एक्केचाळीसचा डिसेंबर, पहाट, दुधाचा ट्रक.
पाच जणं.
त्या गुरुवारी आईनं डबा उघडला, मी टेबलाखाली होते.
तिसरा बिल्ला मेंडेलांचा निघाला.
तिनं तो परत टाकला, दुसरा काढला.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
शाळेत पाठ केलेलं सगळं विसरले मी,
ते न खोकणं पाठ आहे.

आता तुमचं.
तेस्फाय, तुम्ही आणि लेतेब्रहान उतरलात ते,
अक्रोडाच्या झाडामागचं, निळ्या दाराचं घर,
ते मेंडेलांचं.
मध्ये तिथे बँक होती, मग खताचं गोदाम, मग तीस वर्षं कुलूप.
रिवाजानं तो बिल्ला तुमचा.
मला तो द्यायचा नाही.
रागावू नका. काल रात्री दोनदा हातात घेतला
आणि दोनदा ठेवला.

तुमच्यासाठी नवा कोरलाय. ‘अक्रोडवाले’.
हात कापतो, अक्षर वाकडं आलंय.
आवडलं नाही तरी बोलू नका,
लाकडावरचं पुसता येत नाही.

जुना डब्यातच राहील.
आई गेल्यापासून तो हाताला लागला
की ती पाळी मी रिकामी सोडते:
तापलेली भट्टी, लावलेलं दार, पाऊण तास.
लोक म्हणतात, दगडाला विसावा हवा असतो.
म्हणोत.

मघाशी काढले मी. उद्या चौथी पाळी तुमची.
तिसरी कुणाची नाही.
सरपण आपापलं, ओलं नको.
राख नाल्यात टाकायची नाही, बटाट्याच्या वाफ्यात.
आणि ती तुमची वेलचीची गोल भाकर,
काय म्हणालात, हिम्बाशा,
ती डाव्या कोपऱ्यात सरकवा.
तिथे कमी करपतं.