मात्रा

डॉक्टर इतुराल्दे कागदावर उभी रेघ मारतात.
डावीकडे महिने, उजवीकडे शरीर.
तिसऱ्यात हे, सहाव्यात ते,
पुढचं तुझ्या आईच्या घराण्यावर.
काय बदलणार नाही, तेही लिहितात, जाड अक्षरात:
आवाज. दाढी. उंची.
आणि पोटचं मूल हवं असेल कधी,
तर आत्ता सांग, नंतर नको.

मी त्रेचाळीस वर्षांची,
मार देल प्लाताच्या बंदरावर मासळीचे क्रेट उचलते.
हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं.
‘नको’ म्हणायला चार दिवस लागले.

पहिल्या रात्री गोळी जिभेखाली ठेवली.
खडूसारखी चव.
आरशासमोर बसून राहिले, दूध उतू जाईल म्हणून
बसतात तशी.
फ्रीज घरघरत होता.
सकाळी तेच खुंट, तोच वस्तरा.

मिर्ना हसते: अगं, पहिल्यांदा वयात आलीस
ते काय एका रात्रीत?
तिच्या वेळी कागद नव्हता, रेघ नव्हती,
औषधाच्या दुकानाच्या मागच्या दारातून सुई,
किती घ्यायचं ते एकमेकींच्या तोंडून.
ग्रासिएलाची पोटरी सुजली होती, कुणी बोललं नाही.
म्हणून सिगरेट सोड, मिर्ना म्हणते,
आणि हसणं थांबवते,
रक्त तपासायच्या दिवशी झोपून राहू नकोस.

दुसरी गोळी नुसती मुतायला लावते.
रबरी पॅन्ट, वर दोन पट्टे, बोटं गारठलेली,
एका पाळीत सहा वेळा.
आणि मीठ हवंसं वाटतं,
खाऱ्या वाऱ्यात उभं राहून मीठ!
खिशात ऑलिव्हची पुडी असते हल्ली.

सातव्या आठवड्यात घामाचा वास बदलला.
मासळीखाली कुणाला कळला नाही.
मला कळला.

आत एक जुनं यंत्र चालू असायचं,
बर्फाच्या कारखान्यातलं असतं तसं,
ते बंद पडलं तेव्हाच समजलं
की आवाज त्याचा होता.

मग छातीत हरभऱ्याएवढं काहीतरी, एकाच बाजूला आधी.
क्रेटची कड लागली आणि डोळ्यांपुढे काजवे.
शीतगृहामागे जाऊन शिव्या दिल्या,
शिव्या देता देता हसले.
रडूही येतं, कशानेही.
परवा धक्क्यावर एक म्हातारा समुद्रसिंह
जांभई देत होता, बस, तेवढंच.

चाळीस किलो मात्र चाळीस किलोच राहिले.
पूर्वी एकावर एक दोन घ्यायचे,
आता एकाशीच झटते.
बासान काही विचारत नाही. तो सगळ्यांशीच कमी बोलतो.
एके दिवशी त्याने दुसरी कडी धरली,
मग रोजच धरू लागला.

बंदरावर मी अजून आलो, गेलो, जेवलो.
रविवारी नेकोचेआहून आईचा फोन येतो, तेव्हाही.
आवाज तोच, तिला काय कळणार.
(कागदावर हे नव्हतं,
की जे बदलत नाही
त्याच्यामागे किती दिवस लपता येतं.)

काल रविवार नव्हता, तरी फोन आला.
पाळी संपत होती, हातात बळ नव्हतं.
‘काय रे, असा का बोलतोस?’
‘काही नाही गं. दमले.’

तोंडातून गेलं.
लो म्हणायचं ते ले झालं, एक काना गळाला,
मात्रा उरली.

तिकडे बराच वेळ नुसतं नळाचं पाणी.
भांडी घासत असावी.
मग नळ बंद झाल्याचा आवाज,
आणि आई म्हणाली,
‘मग बस जरा.’

त्यात ना रे होतं, ना गं.
मी बसले.
पालथ्या क्रेटवर, खवल्यांसकट.