बाहेर जाऊन परत ये

शुक्रवार. खाली म्हापशाचा बाजार भरलेला,
वर कोमुनिदादच्या कचेरीत सिप्रियाना
सकाळपासून एकाच फोल्डरवर टिचक्या मारतेय.
"दिसतं गो बाय, उघडत नाही."

दिसतं पण उघडत नाही.
या एका वाक्यावर माझा संसार चालतो.

शेअरवर परवानगी सगळ्यांना, सताड.
आतल्या फोल्डरवर वेगळी, मोजूनमापून.
दोन दारं, आणि जे अरुंद
त्याच्याच मापाने माणूस आत जातो.
मी तिचं नाव शोधते. नाव कुठेच नाही.
इथे नावं नसतातच, गट असतात:
'नोंदणी'च्या पोटात 'लेखनिक',
'लेखनिक'च्या पोटात 'कायम',
त्यात ती, मार्चपासून.
अकरा वर्षं हंगामी राहिली.
कायम झाली तेव्हा दोदोल वाटला होता,
मलाही आला होता, केळीच्या पानात.

यादीच्या तळाशी प्रश्नचिन्ह लावलेलं एक डोकं,
नावाच्या जागी हातभर लांब आकडा.
हा कोण?
सिप्रियाना चष्मा कपाळावर चढवते.
"शाबा पार्सेकर असणार. चवथीआधी गेला ना."
खातं पुसलं कुणीतरी,
पूर्ण हक्क राहून गेला.
काढायला हवा. आज नको.

फोल्डरात जुन्या वह्यांचे स्कॅन:
वळणदार पोर्तुगीज अक्षर,
गांवकारांची नावं बापाकडून मुलाकडे,
मुलाकडून त्याच्या मुलाकडे.
माझ्या पडद्यावरही वारसा असतो,
एक टिक काढली की तुटतो.
माझा आजोबा मुंडकार.
या वह्यांत आम्ही असलोच
तर समासात, नारळांच्या हिशेबात.
ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडे आहे.

सापडलं.
ती 'हंगामी'मध्येही आहे अजून, काढलंच नाही कुणी,
आणि हंगामींना इथे साफ नकार.
दहा होकार एक नकार खातो.
नियम माझा नव्हे,
सोयरिकी जुळवणाऱ्यांनाही तो पाठ असतो.

काढते तिला.
"उघड आता."
नाही.
"अगो, काढलं म्हणालीस ना?"
काढलं. पण सकाळी आत येताना
तुला जी चिठ्ठी मिळाली, गटांची नावं लिहिलेली,
तीच दिवसभर तुझ्या खिशात.
नवी हवी तर बाहेर जाऊन परत ये.

लॉग ऑफ कर, म्हणायचं होतं मला.
ती उठलीच. पर्स घेतली,
लाकडी जिना उतरून थेट बाजारात.

मीच तिला बाहेर काढलं मग, एका क्लिकमध्ये,
आणि पंख्याखाली वाट बघत बसले.

वीस मिनिटांनी आली,
हातात मयड्याच्या केळ्यांची अर्धी फणी.
पासवर्ड टाकला, एका बोटाने,
आणि फोल्डर उघडला, काही झालंच नव्हतं असा.

फायलींची नावं शाबाची:
'वही १९११ खरी', 'वही १९११ हीच पाहणे',
'पावसात भिजलेली, सांभाळून'.
मालकाच्या रकान्यात सगळीकडे तोच आकडा.
"बदलू?"
केळं सोलता सोलता ती म्हणाली,
"असू दे. तुला काय अडतंय?"